उजवा पाय आधी

मंडळी, आडवी पडूनच मोबाइलवर लिहितेय. टायपिंगच्या चुका समजून घ्या.

उजव्या खुब्याचा सांधा बदलून आज नेवाशाला घरी आले. दारात तीनच पायऱ्या. फिजिओथेरपीवाल्या मुलीने दहादा घोकून घेतलं होतं, चढताना चांगला पाय आधी. म्हणजे माझा डावा.

सुनेने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेवढ्यात दारातून थोरल्या जाऊबाई ओरडल्या, "अगं, उजवा टाक आधी! घरात येतीस न्हवं?"

आणि टाकला की मी उजवा! एकाहत्तर साली नवरी म्हणून आले तेव्हा याच दारात सासूबाईंनी हेच सांगितलं होतं. तेव्हापासून पायाला दुसरं ठाऊकच नाही.

अंग वर उचलायला गेले तर उजव्यात जोरच नाही. कंबर डावीकडे कलली, काठी सटकली. मुलगा दंड धरून ओढायला लागला. "ओढू नको!" मी किंचाळले.

डोळ्यांसमोर सासूबाई होत्या. माझ्या लग्नानंतर दोनच वर्षांनी त्या याच पायरीवर पडल्या, खुबा मोडला. तेव्हा इथे कुठलं आलंय ऑपरेशन? खाटेवरून पुन्हा उठल्याच नाहीत.

कसाबसा उजवा खाली घेतला. मग डावा वर, त्याच्यामागे उजवा आणि काठी.

परवा टाके काढायला याच पायऱ्या उतरायच्यात. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मला सगळं पाठ आहे हो. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, पायाकडून कसं पाठ करून घेतलंत?