आधी पाणी, मग तार

पारोळ्याच्या पोस्टात तारेच्या खिडकीशी एक माठ असायचा आणि माठावर पालथा घातलेला पितळी पेला. हा माठ सरकारी नव्हता. नाना तारमास्तर तो दर उन्हाळ्याला स्वतः बाजारातून आणायचे आणि रोज सकाळी स्वतःच्या हातानं भरायचे. मी कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. मला वाटलं, असेल पाणपोईचं पुण्य. चार दिवस पाहिलं तर तहानलेल्या माणसाला नाना सरळ बाहेरचा नळ दाखवत होते. माठातलं पाणी फक्त हातात तार धरून आलेल्यासाठी होतं.

सत्तर साल उजाडायला अजून अवकाश होता. तार म्हणजे मरणाचीच, अशी लोकांची पक्की समजूत. शिपाई सायकलवरून खेड्यात तार पोचवायचा. पण ती इंग्रजीत, वाचणार कोण? मग तीच तार मुठीत धरून माणसं पोस्टात यायची, आणि येतानाच वेशीपासून रडायला सुरुवात केलेली असायची. नाना त्यांच्याच बोलीत म्हणायचे, "पयले पानी प्या. तार कोठे पळी जात नही." माणूस पाणी पिऊन थोडा थाऱ्यावर आला की मगच नाना कागद उलगडायचे. एका शब्दाला एक शब्द असा अर्थ सांगायचे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "जितलं लिखेल शे, तितलंच. बाकीनं बठ्ठं आपला पदरनं." म्हणजे लिहिलंय तेवढंच खरं, बाकी सगळं आपल्या पदरचं.

मला आधी हे सगळं नाटक वाटे. मग एकदा एक आबा आले. डोकं गुळगुळीत, मिशी सफाचट, मागे चार रडणाऱ्या बाया. त्यांचा थोरला भाऊ सुरतेला आजारी होता. तार आली म्हणजे भाऊ गेलाच, हे गावानं ठरवलं, न्हावी बोलावला, आणि सगळं उरकल्यावर कोणाला तरी सुचलं की तार वाचून घ्यावी. नानांनी पाणी पाजलं, तार वाचली, पुन्हा एकदा वाचली. भावाच्या सुनेला मुलगा झाला होता. आबांचा हात आपसूक ओठावर गेला. "मनी मिशी गयी ना, नाना!"

"मिशी परत यी जाई, आबा," नाना जराही न हसता म्हणाले, "आखो थोडं पानी प्या."

नाना दिसायला अगदी साधे. धोतर, काळी टोपी, खोल गेलेले डोळे. उजव्या हाताचं पहिलं बोट मात्र कधी स्वस्थ नसे. बोलताना मांडीवर, चहा पिताना बशीवर ते कट्ट-कडकट्ट वाजत राही. रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी ते यंत्रावरची धूळ पुसत आणि मोठ्यानं म्हणत, "आज कोणीतरी ओरडेल. लाइन दोनदा बंद पडेल. साहेबांचं खरमरीत पत्र येईल. अरुण उशिरा येईल." हे ते मी वेळेवर येऊन त्यांच्यासमोर उभा असताना म्हणत! मी चिडलो की म्हणत, "अरे, आलास तर आनंदच आहे की."

एका वादळात लाइन तुटली. कापसाचे एक व्यापारी, मूळचे मारवाडातले, बाजारभावाच्या तारेसाठी दोन तास ताटकळले आणि मग नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. मी मुळातच तापट. मी उठून त्यांच्या अंगावर गेलो. नानांनी माझ्या सदऱ्याचं टोक धरून मला खाली बसवलं. यंत्राच्या कळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "शेठजी, बोटाखालचं माझं, खांबावरचं सरकारचं. आणि तोंडातलं तुमचं." शेठजी आणखी दोन शब्द बोलले आणि दमून बसले. नंतर नानांनी मलाच विचारलं, "शिव्या मला दिल्या होत्या ना? मग तुला कशाला लागल्या?"

एका गोष्टीवर मात्र नाना स्वतःच तापत. त्या काळी कोणी गेलं तरी तारेत तसं लिहीत नसत. ऐकणाऱ्याला धक्का नको म्हणून 'गंभीर, ताबडतोब या' असं लिहीत. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे 'गंभीर' वाचलं की लोक थेट सुतकाच्या तयारीला लागत. खरोखर गंभीर असलेल्यालाही कोणी जिवंत समजत नसे. नाना म्हणत, "लिहिणारा लपवतो आणि वाचणारा जोडतो. मधे बिचारा आजारी माणूस फुकट मरतो."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला तो माझ्याच नावाची तार आली त्या दिवशी. सकाळची वेळ होती. नानांनी यंत्रावर ऐकत ऐकत ती लिहून घेतली, फॉर्म पालथा ठेवला, उठून पेला भरला आणि माझ्यासमोर आणून धरला. मला कळलंच. माझी आई जळगावला थोरल्या भावाकडे असायची. मी म्हटलं, "नाना, आई गेली."

"आधी पाणी."

मी प्यालो. "वाच," ते म्हणाले. तारेत होतं : आई गंभीर, ताबडतोब ये. मी रडत रडतच पिशवी भरायला लागलो आणि म्हणालो, आधी शिरपूरला जाऊन ताईला घेतो. आमच्याकडची रीतच तशी. लेक आल्याशिवाय आईला उचलत नाहीत, आणि अशा वेळी लेकीला आणायला भावानंच जायचं. शिरपूर एका दिशेला आणि जळगाव बरोबर उलट्या. पण जी गेलीच आहे तिच्याकडे पोचायची घाई कसली?

नानांनी माझी पिशवी काढून घेतली. "आई मेली असं कुठं लिहिलंय? दाखव मला. बहिणीला आण असं कुठं लिहिलंय? 'ये' लिहिलंय. तू जा. ताईला मी तार करतो, तिचा नवरा आणेल तिला. जळगावची बस दहा मिनिटांत आहे." मी तरीही रीतीचं काहीतरी पुटपुटलो. तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, "रीत मेलेल्यासाठी आहे, अरुण! तू जिवंत आईकडे निघालायस!"

दुपारी पोचलो. आई खाटेवर होती, अगदी वाळून गेलेली, पण शुद्धीत होती. मला पाहून म्हणाली, "जेवलास का?" मग जरा वेळानं, "तू आधी ताईला आणायला जाशील असं वाटलं होतं." मी खाली मान घातली. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "बरं केलंस." ती दुपारभर बोलत होती. माझ्या लहानपणच्या खोड्या, ताईचं लग्न, काहीबाही. दिवस कलताना तिची वाचा गेली. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आईनं डोळे उघडून तिला पाहिलं, पण बोलली नाही. दोन दिवसांनी आई गेली.

सुतक संपवून परत आलो तेव्हा मी नानांना म्हणालो, "मला दुपार मिळाली, ताईला नाही. हे मला गिळवत नाही." नानांचं बोट टेबलावर वाजत होतं. मग म्हणाले, "ताई कधी पोचली ते खांबावरचं. त्या दुपारी आई काय काय बोलली ते ताईला सांगितलंस का? सगळं?" नव्हतं सांगितलं. तिला आणखी वाईट वाटेल म्हणून लपवलं होतं. "ते तुझ्या बोटाखालचं आहे," नाना म्हणाले. त्याच रविवारी मी शिरपूरला गेलो आणि आईचं एकूण एक बोलणं ताईला सांगितलं. ती रडली, मधूनच हसली आणि निघताना म्हणाली, "पुन्हा एकदा सांग ना ते, माझ्या लग्नातलं."

पुढच्याच वर्षी नानांची पाळी आली. त्यांचा एकुलता एक मुलगा सुधाकर सुरतेला गिरणीत होता. दुपारची वेळ, नाना यंत्रापाशी बसून लिहीत होते आणि मी शेजारी टपाल लावत होतो. एकाएकी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाहिलं तर त्यांचं बोट थांबलं होतं. तार पूर्ण लिहिलेली होती, पोच दिलेली होती, अक्षर नेहमीसारखंच वळणदार. मी पेला भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. "आज पानी खाले उतरत नही रे," ते म्हणाले. माझ्याशी ते बोलीत कधी बोलत नसत. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तू वाच. जितलं लिखेल शे, तितलंच."

मी वाचलं. सुधाकर गंभीर, ताबडतोब या. असल्या तारेचा अर्थ काय असतो ते मला ठाऊक होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त. पण मी फक्त तेवढंच वाचलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ते पाणी प्यायले आणि उठले. नानांच्या पत्नी अक्कांनी सुधाकरच्या आवडीची कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेतला. दोघं अमळनेरहून सुरतेच्या गाडीत बसले. तार निघाली त्याच्या आदल्या संध्याकाळीच सुधाकर गेला होता. सोबत्यानं रीतीप्रमाणं 'गंभीर' लिहिलं होतं.

चौदाव्या दिवशी नाना कामावर आले. यंत्र पुसलं आणि रोजच्यासारखं म्हणाले, "आज लाइन बंद पडेल. आज लोक सुधाकरचं विचारतील." आणि तिथंच, खिडकी उघडण्याआधी, खुर्चीत बसून ते रडू लागले. मला काय करावं कळेना. मी वेड्यासारखा बोललो, "नाना, तुम्हीच तर सांगत होता..."

"रडू नको असं मी कोणाला सांगितलं?" ते म्हणाले. "तारेत नाही त्यासाठी रडू नको म्हणालो. हे खरं आहे, याला रडायचंच."

पुष्कळ दिवसांनी मी भीत भीत विचारलं, तुमचं वाचणं त्या दिवशी तुम्हाला फसवून गेलं ना? नानांनी नकारार्थी मान हलवली. "सबंध गाडीभर तो मला जिवंत होता, अरुण. भाकरी गार होईल म्हणून ही मांडीवर डबा घेऊन बसली होती. पारोळ्यातच रडलो असतो तर तेवढी वाटही गेली असती." मग म्हणाले, "वाचणाऱ्यानं जोडू नये, हे बरोबर. पण लिहिणाऱ्यानं लपवूही नये."

हल्ली माझी नात जुन्या ग्रीक-रोमन लोकांचं तत्त्वज्ञान वाचते. त्यांना स्टोइक म्हणतात म्हणे. आपल्या हातातलं काय आणि हाताबाहेरचं काय ते आधी वेगळं करा, घडलं तेवढंच बघा, त्याला आपलं काही चिकटवू नका, आणि सकाळीच दिवसाच्या त्रासाला तयार राहा. ती मोठ्या उत्साहानं सांगते आणि मी ऐकून घेतो. पारोळ्याच्या तारमास्तरांनी यातलं एक अक्षरही वाचलं नव्हतं, हे तिला पटत नाही.

माझी बदली धुळ्याला झाली. नाना निवृत्त झाले. पत्रं येत-जात राहिली. मग एके दिवशी सकाळी धुळ्याच्या पोस्टात आमच्या तारमास्तरांनी मला हाक मारली. त्यांनी माझ्या हातात तार ठेवली. तार देवनागरीत होती, पारोळ्याहून अक्कांच्या नावानं आलेली : नाना वारले. घाई नको. आधी पाणी.

पुढे पारोळ्याला गेलो तेव्हा अक्कांनी सांगितलं, तो मजकूर नानांनीच वर्षभरापूर्वी फॉर्मवर लिहून देवघरात ठेवला होता. पत्ता माझा. फक्त तारीख कोरी सोडली होती.

त्या सकाळी मी उठून धुळ्याच्या पोस्टातल्या माठाशी गेलो, पेला भरला आणि तो पूर्ण रिकामा होईपर्यंत पाणी प्यालो. तार पुन्हा उलगडली. होतं तेवढंच वाचलं. मग रडलो.