माझ्या वाट्याचं काम

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात रोज सकाळी सगळी टीम खिडकीपाशी उभी राहायची. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. उभ्याने बोललं की माणूस थोडक्यात बोलतो, म्हणून बसायचं नाही. आमची नवी टीम लीड एकेकाकडे बघून विचारायची. माझ्यापाशी आली की मान किंचित लववून म्हणायची, "सरांना काय विचारायचं," आणि पुढच्याकडे वळायची.

ही मुलगी शनिवार पेठेतली. कॉलेजातून थेट आमच्याकडे आली तेव्हा तिला काम मीच शिकवलं. ऑफिसात सगळे एकमेकांना, अगदी वरिष्ठांनाही, नावाने हाक मारत. ती मात्र मला पहिल्या दिवसापासून सर म्हणत आली. पुढे लीडची जागा रिकामी झाली आणि ती तिला मिळाली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण निवड योग्य होती. क्लायंटशी ती न अडखळता बोलते. मी तालुक्याच्या शाळेत शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर. इंग्रजी वाक्य अजूनही आधी मनात मराठीत जुळवतो, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो.

तेव्हा आमच्याकडे काही हॉस्पिटलांच्या लॅबचं काम होतं. रक्त-लघवीचे जुने रिपोर्ट जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये न्यायचे होते. जुनी सिस्टीम बांधण्यात माझा हात होता, त्यामुळे हे किचकट काम माझ्याकडे येईल असं मी धरून चाललो होतो. तिने ते दोन नव्या मुलांना दिलं. मला म्हणाली, "सर, तुम्ही फक्त सगळ्यांचं एकदा नजरेखालून घाला."

हळूहळू इतरही मला सर म्हणू लागले आणि त्यांनीही मला विचारणं सोडलं. जेवायला गेलो की कुणीतरी उठून खुर्ची द्यायचं. मान वाढत चालला आणि काम आटत चाललं. आमच्या क्षेत्रात हे लक्षण चांगलं नसतं. माणसं कमी करायची वेळ आली की आधी बिनकामाचा माणूस दिसतो. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीने मला लीडची जागा देऊ केली. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

कोथरूडला घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, मान मिळाला तरी तुम्हाला त्रास, नाही मिळाला तरी त्रास. एकदा तिला स्पष्ट विचारा तरी."

मी काही विचारलं नाही. बुधवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तीच माझ्या शेजारी येऊन बसली. बस नेहमीप्रमाणे वाकडच्या पुलाअलीकडे अडकली होती.

"सर, तुम्ही सोडून चाललायत का?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पूर्वी तुम्ही सगळ्यांच्या चुका काढायचात. हल्ली सगळ्यांचं छान म्हणता. तुमच्या तोंडी छान शोभत नाही."

मला हसू आलं. मग मी म्हटलं, "मला तू काम का देत नाहीस?"

"लाज वाटते. ज्यांनी शिकवलं त्यांनाच कसं विचारायचं, काम झालं का म्हणून? आमच्याकडे मोठ्या माणसांना कामं सांगत नाहीत."

"आमच्याकडे उलट आहे," मी म्हणालो. "पेरणीला पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ कुणी धरायची, तर घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाने. बी सारखं पडायला हवं, ते त्याच्याच हातून पडतं. आजोबांना बसून राहा म्हटलं असतं, तर त्यांना वाटलं असतं, आता आपला उपयोग संपला."

"तुम्हाला तसं वाटलं?"

"हो."

तिने माफी मागितली नाही आणि समजूतही घातली नाही. नुसतं "बरं" म्हणाली. पुलापलीकडे बस मोकळी झाली.

गुरुवारी सकाळी खिडकीपाशी ती माझ्यासमोर थांबली. "सर, जुने रिपोर्ट आजपासून तुमच्याकडे. ही दोघं तुमच्या हाताखाली. कधी होईल?"

"पुढच्या बुधवारी."

"सोमवारी हवंय."

"सोमवारी होणार नाही," मी म्हटलं, "मंगळवारी देतो."

"चालेल. पण मंगळवार म्हणजे मंगळवार."

मला चारचौघांत कुणी असं बजावून फार दिवस झाले होते. जागेवर येऊन बसलो तेव्हा खांदे हलके झाल्यासारखे वाटले.

शुक्रवारी मात्र काम अडलं. एकाच नावाच्या पेशंटला दोन हॉस्पिटलांनी वेगवेगळे नंबर दिले होते. रिपोर्ट नक्की कुणाचा, ते इथे बसून ठरवता येणार नव्हतं, आणि चुकीच्या माणसाला चुकीचा रिपोर्ट जाणं परवडणार नव्हतं. सकाळी तिने विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "मी अडलोय. लॅबमधल्या माणसाशी बोलावं लागेल."

त्यावर माझ्या हाताखालचा एक मुलगा म्हणाला, "सर, आम्हीही तिथेच अडलो होतो. पण तुम्ही कधी अडत नाही, मग आम्ही कसं सांगणार?"

"चला," लीड म्हणाली, "म्हणजे या टीममध्ये माणसंच काम करतात. मी लॅबला फोन लावून देते."

पुढे मीही छोटीमोठी कामं माणसं हाताशी घेऊन पार पाडली. तारखा आणि तक्ते लागतातच. पण कोण मुकाट झालंय आणि का, हे वेळेत लक्षात आलं नाही तर तक्ता बरोबर असूनही काम चुकतं. हे मी माझ्याहून पुष्कळ लहान मुलीकडून शिकलो, याचा मला आनंद आहे.

त्या शुक्रवारी दुपारी, माझं उत्तर विचारायला, दुसऱ्या कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं.

"मंगळवारी काम द्यायचंय."

"मग मंगळवारनंतर या ना."

"मंगळवारनंतरही काम आहे, मॅडम."

त्या काहीतरी म्हणत होत्या, तेवढ्यात समोरून आमची लीड हात करून म्हणाली, "सर, लॅबवाले लाइनवर आहेत. आधीच वैतागलेत, सांभाळून घ्या."

मी बाईंचे आभार मानले आणि तो फोन घ्यायला उठलो.