चेंडू तयार आहेत, सर

आमच्या बहारीनच्या कॉलेजातले असिस्टंट फुटबॉल कोच मूळचे रत्नागिरीचे. रोज हूरा भागातल्या आपल्या खोलीवरून सगळ्यांआधी येऊन ते चेंडूंत हवा भरायचे आणि प्रत्येक चेंडू अंगठ्याने दाबून बघायचे. नऊ वर्षांत चार हेड कोच आले नि गेले. प्रत्येकाला हे म्हणायचे, "चेंडू तयार आहेत, सर." कॉलेजच्या ऑफिसात काम करणाऱ्या मला ते ऐकून राग यायचा, की हे कायम असिस्टंटच!

पाचवे तर ऐन फायनलच्या आठवड्यात नोकरी सोडून गेले. संघ यांच्या हाती आला आणि आम्ही तीन-शून्यने जिंकलो! पोरांनी यांना खांद्यावर घेतलं, प्रिन्सिपॉलनी तिथेच हेड कोच केलं.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर हे पुन्हा पंप घेऊन बसलेले.

"भाई, आता तरी हे काम नव्या असिस्टंटला सांगा की!" मी म्हणालो.

"सांगेन, इंशाल्ला. आधी त्याला शिकवू दे," चेंडूवर अंगठा दाबत ते म्हणाले. "पाच हेड कोच पाहिले, एकालाही हे धड येत नव्हतं."