चावीवाल्याचे तळपाय

नाशिकरोडला रुळांपासून हाकेच्या अंतरावर एक जुना दगडी हॉल आहे. तिथे वाजवलेला स्वर थोडा वेळ हवेत राहतो आणि मग सावकाश जमिनीवर उतरतो. म्हणून आमच्या चेंबर ऑर्केस्ट्राने संगीतकार आरोहीकडून मुद्दाम लिहून घेतलेली अठरा मिनिटांची नवी रचना तिथेच रेकॉर्ड करायचं ठरलं. आमचं शहाणपण बघा, रूळ सगळ्यांना दिसत होते, पण गाड्या कुणाच्या डोक्यात आल्या नाहीत! प्रवासी गाड्यांचं वेळापत्रक तरी मिळालं. मालगाड्या मनाला येईल तेव्हा यायच्या. पहिल्या दिवशी पाच टेक पाण्यात गेले.

मग हॉलच्या मागेच राहणाऱ्या सावळीरामकाकांना बोलावलं. ते इगतपुरीकडे रेल्वेत चौतीस वर्षं चावीवाले होते. पहाटे हातोडा खांद्यावर टाकून रुळांवरून मैलोगणती चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या सैल चाव्या ठोकून घट्ट करायच्या आणि धुक्यातून गाडी यायच्या आत, पायांना रुळांची थरथर कळली की बाजूला व्हायचं. "घरात चार हाका मारल्या तरी यांना ऐकू येत नाही," त्यांची बायको मालनबाई म्हणाली, "पण दोन कोसांवरची गाडी बरोबर कळती!"

खरंच कळायची. काका चपला काढून पायरीवर उभे राहायचे. हिरवा झेंडा दाखवला की आम्ही सुरू, लाल दाखवला की बंद. "मालगाडी हाय. रिकामी," ते सांगायचे, आणि दोन मिनिटांत रिकामे डबे खडखडत जायचे. मी व्हायोला वाजवते. माझी खुर्ची दारासमोर, त्यामुळे झेंड्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

तिसऱ्या दुपारी एकाच टेकची वेळ उरली होती. संध्याकाळी सगळे पुण्याला परतणार होते. काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, सुरुवात पाठ झाली मला. शेवट एकदाबी ऐकला नाय. दर येळेला मीच तोडला."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना आत, दाराजवळच्या बाकावर बसवलं. झेंडे मांडीवर, उघडे पाय फरशीवर.

आम्ही वाजवू लागलो. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं, आणि मला वाटलं आपण सगळे त्या उन्हातच कुठेतरी वर बसलो आहोत. पंधराव्या मिनिटाला भारतने त्याच्या डबल बासवर एक लांबलचक खर्ज धरला. काकांच्या पायाची बोटं आखडली. लाल झेंडा वर आला.

आम्ही थांबलो. दोन मिनिटं गेली, पाच गेली. गाडी आलीच नाही.

काका भारतच्या वाद्याकडे बघत होते. "ते परत वाजवा बरं."

भारतने गज ओढला, तशी पायांखालची फरशी हलकेच थरथरली. काकांचा चेहरा पडला.

"ह्योच व्हता. चौतीस वर्षांत खोटा लाल कधी दाखवला नाय मी." ते वाकून चपला शोधू लागले.

तीन दिवस सगळ्यांवर खेकसणारी आरोही उठून त्यांच्यापाशी गेली. "काका, बसा. उरलेला शेवट आत्ता वाजवू. तो मागून जोडता येतो."

"अन् गाडीचं कोण बघंल?"

"आली तर आली."

काकांनी दोन्ही झेंडे गुंडाळले. मग पाय वर घेतले आणि बाकावर मांडी घालून, डोळे मिटून बसले.

ती तीन मिनिटं आम्ही कशी वाजवली ते मला सांगता येणार नाही. शेवटचा स्वर खाली उतरला. आरोहीने बोटांवर दहा सेकंदांची शांतता मोजली आणि हात खाली घेतला. त्याच क्षणी बाहेर धडधड झाली, खिडकीच्या काचा थरथरल्या. काका दचकून उठले.

"अरे! ही कधी आली?"

"मालगाडी हाय, काका," भारत थेट त्यांच्याच सुरात म्हणाला. "भरलेली."

सगळे हसलो, काकाही हसले. "मला कळलंच नाय, पोरी," ते म्हणाले, आणि हिरव्या झेंड्यानेच त्यांनी डोळे पुसले.