मातेच्या ओळखीची

सौंसरला आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या बाईच्या तोंडभर देवीचे वण होते. लहानपणी देवीतून ती वाचली, म्हणून कोणतीच माता आपल्याला धरत नाही, असं ती ठासून सांगायची. कोणाच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा दिसला की ही न बोलावता आत. गोवराचं लेकरू मांडीवर घ्यायची, त्याचं उष्टं खायची. कडेवर तिची लहानगी नात असायची.

"पोरीले तरी घरी ठेव वो," मी म्हणायचे.

"माहं रक्त हाय तिच्यात. माता ओळखते तिले. तूच भेत राय!"

नर्सबाई गोवराची लस घेऊन आली तेव्हा तिने दार लावून घेतलं. पोळ्याच्या आधी नातीला गोवर निघाला, छाती भरली आणि पोर गेली. मी गेले, पण तिच्याजवळ बसले नाही.

पुढच्या खेपेला नर्सबाई आली, तर सगळ्या लेकरांच्या पुढे हीच, दंड उघडा करून.

"आजी, तुम्हाला कशाला? तुम्हाला आता गोवर होत नाही."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "मंग माता दर खेपेले मलेच कायले सोडून राहिली?"

नर्सबाईने मागचं लेकरू पुढे घेतलं. हिने दंड झाकला नाही.