मधल्या पाण्यात मशीन दम सोडायचं

दवाखान्यात शेवटचं बोलली तेव्हाही सुभद्रानं माझी चौकशी केली नाही, नावेची केली. "दोर नीट बांधलाय नव्हं? पाणी उतरलं की नाव चिखलात बसंल." मी म्हणालो, बांधलाय, तू गप पड. ती छताकडं बघत म्हणाली, "झोप येतीय मला." माझी बायको दिवसा कधी झोपत नसे. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला... पुढं तो काय बोलला ते मी ऐकलं नाही, ऐकायची गरज नव्हती.

तिची थोरली बहीण हौसाताई डिंभे धरणाच्या पलीकडं वाडीत राहते. तिकडून रस्त्यानं यायचं म्हणजे डोंगराला वळसा, नुसती वळणं, आणि ताईला गाडी लागते. त्या दिवशी ती जीपमधून ओकत ओकत आली. पोचली तेव्हा आम्ही अग्नी देऊन घरी परतलो होतो. पाठच्या बहिणीचं तोंड तिला दिसलं नाही. कुणाला दोष देणार? ती भिंतीला टेकून बसली, रडलीसुद्धा नाही. दहावं होईस्तोवर आमच्याकडंच राहिली. सुतकात मी नाव सोडली नाही, म्हणून परत जातानाही जीपच नशिबी आली. निघताना म्हणाली, "दाजी, महिन्यानं तिच्या नावाचं पान वाढाल, त्याला मी नावंनं येणार. ती न्यायची तशी न्या मला. गाडीत आता पाय ठेवणार न्हाई." मी म्हणालो, येतो न्यायला. तेवढाच एक शब्द मी दिला, आणि तो पाळायचा एवढंच काम मला उरलं होतं.

आमची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली. भावकीतले लोक कुणी पुण्याला गेले, कुणी आळेफाट्याला हॉटेलात लागले. आम्ही दोघं पाण्यालाच धरून राहिलो. नाव बांधून घेतली आणि तिच्या मागं लावायचं मशीन कोकणातून आणलं, जुनं, समुद्राच्या खाऱ्यानं खाल्लेलं. बाजाराच्या दिवशी पलीकडच्या वाड्यांची माणसं, कोंबड्या, भाताची पोती, कधी नवरी, असं सगळं ह्या काठावरून त्या काठावर. मी मागं हँडल धरून बसायचो आणि ती माझ्या पुढच्या फळीवर, पाठमोरी. पोरांना धरायची, उभं राहणाऱ्याला दटावायची. एकदा कुणीतरी पावणा तिला म्हणाला, "मामी, नाव मामा चालवतो का तुमी?" तर म्हणाली, "चालवतो मामाच. मी म्हणंल तिकडं." सगळी नाव हसली. मीपण हसलो, कारण खोटं काहीच नव्हतं त्यात.

मशीन माझं आणि टाकी तिची, अशी आमची वाटणी. पेट्रोलात ऑईल किती घालायचं ते ती वासावर ठरवायची. टाकीचं मूळचं झाकण फुटलं तेव्हा दुसऱ्या डब्याचं बसवलं, आणि हवा आत जायला म्हणून त्याला दाभणानं भोक मी पाडून दिलं. त्यानंतर त्या झाकणाकडं मी कधी बघितलं नाही. ती नसताना नाव काढायची वेळच आली नाही. ती माहेराला गेली तरी नावेनंच जायची, म्हणजे मीच न्यायचो.

सुतक फिटल्यावर मशीन चालू केलं. काठावर असं गरजलं की बगळे उडाले. मला बरं वाटलं. पण मधल्या पाण्यात गेलो आणि त्याचा आवाज बसत गेला, दम लागलेल्या बैलासारखा... नाव रेंगाळली आणि मशीन बंद पडलं. झाकण काढून पेट्रोल बघितलं, भरपूर होतं. जरा थांबून दोरी ओढली तर चालू झालं आणि पुन्हा थोड्या वेळानं तेच. मला वाटलं, तापतंय, विसावा दिला की चालतं. परत येताना वल्ही मारली. म्हाताऱ्या खांद्यांनी रिकामी नाव कशीबशी काठाला लावली. ताईला घेऊन, वारा सुटल्यावर, हे जमणारं नव्हतं.

मग एकेक बघत गेलो. पंख्याला कुणाच्या तरी जाळ्याचा दोरा गुंडाळलेला होता, तो कापला. वाटलं, सापडलं. नाही. कार्बोरेटर उघडून धुतला. पेट्रोल ओतून दिलं, नवीन भरलं. शेवटी मशीन टेम्पोत घालून आळेफाट्याला माझ्या ओळखीच्या शंकर मिस्त्रीकडं नेलं. त्यानं प्लग काढून बोटावर फिरवले.

"कोरडे हैत बाबा. म्हंजी पेट्रोल पोचंना. नळीच्या मधी रबरी फुगा हाय ना, त्यो बंद पडायच्या टायमाला घट्ट असतो का चिंबतो?"

"काय ठावं."

"ठावं कसं न्हाई? चालत्या मशीनला एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं फुगा बघायचा. दोन माणसांचं काम हाय ते."

म्हणालो, "दुसरं माणूस गेलं माझं."

मिस्त्रीनं चहा मागवला. त्याला कळलं नव्हतं, त्याचा काय दोष. पण त्याचं ते बोलणं बेल्ह्यापासून घरापर्यंत माझ्या डोक्यात फिरत होतं. मशीन टेम्पोनं घरी धाडलं आणि मी बेल्ह्याला गेलो ते उगाच, घरी जायचं नव्हतं म्हणून. बाजार बघत बसलो. तिथं जोडीचा एक बैल विकायला आला होता, नुसता एकच... मी उठलो आणि एस्टी धरली.

दुसऱ्या दिवशी हँडल दोरीनं बांधून ठेवलं, नाव सरळ सोडली आणि गुडघ्यावर रांगत पुढं गेलो. मशीन दम सोडायला लागलं तसा फुगा चपटा होत गेला. पूर्वी असं काही झालं की मी नुसतं "अगं" म्हणायचो. ती वळून न बघता हात मागं करायची आणि फुगा दाबायची. मी नवा फुगा बसवला, तोही चिंबला.

पानाच्या आदल्या दिवशी पुन्हा मधल्या पाण्यात अडकलो. उद्या ताई काठावर येऊन बसणार. जीप पाठवू का, असा विचार करत मी सुभद्राच्या फळीवर बसलो आणि आधाराला टाकीवर हात ठेवला. टाकीचं पोट खपाटीला गेलेलं. प्लास्टिक दोन्ही अंगांनी आत ओढलेलं. झाकण सैल केलं तर टाकीनं लांब श्वास घेतला, पाण्यातून वर आलेल्या माणसानं घ्यावा तसा. झाकणाला ती ऊन लागू नये म्हणून फडकं बांधायची. आजवर मी ते फडक्यासकट फिरवत होतो. फडकं सोडलं. भोकात बाभळीचा काटा गच्च खोचलेला होता.

भोक मला ठाऊक होतं. त्याला बूच असतं हे ठाऊक नव्हतं. रातच्याला दव, पाऊस आत जाऊन पेट्रोलात पाणी होऊ नये म्हणून नाव बांधली की ती काटा खोचत असणार आणि नाव सोडताना काढत असणार. दिवसभर तो तिच्या अंबाड्यात असायचा. मी तो इतकी वर्षं मागून बघत आलो. मला वाटायचं, वाडीतल्या पोरांच्या पायातले काटे काढायला ठेवते, कारण त्याच काट्यानं ती तेही करायची. दवाखान्यात जायच्या आदल्या सांजेला तिनं शेवटचा खोचला. तो काढायला ती परत आली नाही.

मी तो काढला आणि मशीन मारलं. ते पलीकडच्या काठापर्यंत न थांबता गेलं. मला आनंद झाला असं लिहिणार नाही.

सकाळी ताई गाठोडं घेऊन उभीच होती. फळीवर बसली, पाठमोरी. काटा मी सदऱ्याच्या खिशाला टोचून ठेवला होता, तो वाकलो की छातीला लागायचा. ताईनं मला चोळताना बघितलं.

"काय टोचतंय, दाजी?"

मी काढून दाखवला. काय, कशाचा, ते सांगितलं. तिनं तो हातावर घेतला, उलटसुलट केला. "असलं पुरुषाच्या खिशात ऱ्हातं व्हय," म्हणाली, आणि मागं हात नेऊन आपल्या पांढऱ्या अंबाड्यात खोचला. पदर सारखा केला आणि समोरच्या डोंगराकडं तोंड केलं.

दोघी बहिणींची मान सारखीच. केस पांढरे आहेत एवढाच फरक, आणि उन्हात तोही नीट दिसत नव्हता. मशीन पूर्ण जोर धरून होतं. आमचा काठ दिसायला लागला तसं मी हँडल कमी केलं... मग आणखी कमी.

"का वो, परत दम गेला का त्याचा?" ताईनं न वळता विचारलं.

"जातोय थोडा," मी म्हणालो.

"जाऊंद्या. सावकाश न्या," ती म्हणाली, आणि तशीच पाठमोरी बसून राहिली.