चौथ्या मिनिटाला सापडलेली चूक
मलेशियातल्या पिनांग बेटावर, बायान लेपासच्या एका चिप कंपनीत ओई बी हून नावाची इंजिनिअर एकोणीस वर्षं एकच काम करत होती. चिप कारखान्यात जाण्याआधी तिचा आराखडा संगणकावर तपासायचा आणि चुका हुडकायच्या. तिने तपासलेलं कुणी पुन्हा बघत नसे.

त्या वर्षी पाच कंपन्यांनी मिळून चाचण्या लिहिण्याची एकच खुली पद्धत ठरवली. एकाची चाचणी दुसऱ्याच्या आराखड्यावर चालते का, हे पाहायला सगळे पिनांगच्या एका हॉटेलात जमले. बी हूनने आपला आराखडा लावला आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या सेल्वराणीने लिहिलेली चाचणी त्यावर सुरू केली. चौथ्याच मिनिटाला चूक निघाली. वीज क्षणभर गेली, की चिप जुनाच आकडा खरा म्हणून पुढे पाठवत होती. आणि ती बसणार होती रुग्णाला औषध सोडणाऱ्या पंपात.

बी हूनने चाचणी पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

"त्यांची चाचणीच चुकली असेल," शेजारी उभा असलेला तिचा साहेब कुजबुजला. "मिटव ते."

"चुकली नाही हो," सेल्वराणी म्हणाली. "आमचीही चिप इथेच आपटली. त्यानंतरच लिहिली ही मी."

"आणि आम्हाला अशी देऊन टाकलीस?" बी हूनने विचारलं.

"मग काय करू बाई? पंपाला लावलेला माणूस विचारणार आहे का, चिप कुणाची म्हणून?"

बी हूनने सगळ्यांच्या समाईक नोंदीत ती चूक स्वतःच्या नावावर लिहिली. चिप चार महिने लांबली आणि साहेब तिच्याशी महिनाभर बोलला नाही. ती चाचणी मात्र पाचही कंपन्यांनी सक्तीची केली.